दोन गेल्या, दोन आल्या

कुणाच्या घरात सासू-सुनेची भांडणं दागिन्यांवरून होतात, कुणाच्या घरात मिठा-मिरचीवरून. आमच्याकडं ती डोळ्यांत घालायच्या लेन्सवरून झाली. डोळे माझ्या लेकीचे, लेन्स तिच्या, आणि कारभार सगळा सासूबाईंचा. मी मधल्या मधे नुसती ओरडायला. सांगायला गेलं तर लोक हसतात, म्हणून आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

सासूबाईंचं नाव बानाबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे, म्हणून मीही आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवरचं, घर मेंढपाळाचं. लग्न होईपर्यंत त्यांचे दिवस मेंढरांमागं गेले. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि गंगापूरकडं गोदावरीच्या काठाकाठानं हिंडायचं. लग्न झालं ते शेतकऱ्याच्या घरात. पुढं माझा नवरा भारत वाळूजच्या कंपनीत लागला, आम्ही गारखेड्यात घर घेतलं आणि सासरे गेल्यावर आत्याबाई आमच्याकडं राहायला आल्या. मेंढरं सुटून त्यांना जमाना झाला, पण डोक्यातला कळप काही सुटलेला नाही.

म्हणजे काय, तर त्या मोजतात. दिवसभर मोजतात. भाकरी मोजतात, दारातल्या चपला मोजतात, दोरीवरचे कपडे घालताना मोजतात आणि काढताना पुन्हा मोजतात. लग्नाला गेलो तर पंगतीतून उठल्यावर आमची माणसं एका जागी उभी करून मोजतात, आणि कुणी हात धुवायला गेलेलं असलं तर तो येईपर्यंत कुणाला हलू देत नाहीत. आकड्यात मोजत नाहीत, जोडीजोडीनं मोजतात. डोळे बारीक करायचे, मान किंचित डोलवायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं. एकदा मी म्हणाले, “आत्याबाई, चपला काय पळून जाणार आहेत का?” तर म्हणाल्या, “सकाळच्याला जे बाहीर गेलं ते सांजच्याला मोजून आत घ्यावं. नाय मोजलं की गेलंच म्हणून समज.” ह्या माणसाशी काय वाद घालणार!

आता लेकीचं सांगते. प्रांजली तलवारबाजी करते. आमच्या सात पिढ्यांत कुणी तलवार धरली नव्हती, पण ही शाळेत असताना क्रीडा संकुलात गंमत म्हणून गेली आणि तिथलीच झाली. हिला चष्मा तिसरीपासून. उजव्या डोळ्याचा नंबर जास्त, डाव्याचा कमी. तोंडावर जाळीचा मास्क चढवला की आत चष्म्यावर वाफ धरते, तो नाकावरून घसरतो, आणि तेवढ्यात समोरची पोरगी टोचून जाते. म्हणून लेन्स आल्या. पहिल्यांदा महिनाभर वापरायच्या घेतल्या. आमची पोरगी त्या कशा धुवायची? तर ड्रममधल्या पाण्यानं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते देवाला माहीत, त्यामुळं घरोघरी ड्रम भरलेले. ते शिळं पाणी लेन्सला, लेन्स डोळ्याला, आणि कधीकधी तशीच झोपायची. व्हायचं तेच झालं. डोळा असा सुजला की उघडेना.

डॉक्टर समजूतदार होते, पण त्या दिवशी त्यांनी हिला चांगलं झापलं. म्हणाले, यापुढं रोजच्या रोज फेकायच्या लेन्स. सकाळी नवी जोडी फोडायची, संध्याकाळी काढून टाकायची. पाण्याचा एक थेंब लावायचा नाही, खाली पडलेली उचलायची नाही. आणि पुन्हा असा लाल डोळा घेऊन आलीस तर लेन्स बंद. हे सगळं घडलं ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, आणि ज्युनिअर गटात खेळायचं प्रांजलीचं हे शेवटचं वर्ष. तिला तलवारबाजी शिकवणाऱ्या निशा मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, पोरगी यंदा संघात बसते. फक्त तिचे डोळे सांभाळा.” तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. डोळे धड राहिले तर संघ, नाहीतर बसा घरी.

रोजच्या लेन्स घरात आल्या आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. उजव्याचे खोके वेगळे, डाव्याचे वेगळे. प्रत्येक खोक्यात छोट्या छोट्या प्लास्टिकच्या वाट्या, वरून चकचकीत कागद चिकटवलेला, आत थेंबभर पाणी आणि त्यात ती लेन्स, मासळीच्या खवल्यासारखी. दिसायला उजवी-डावी एकसारखी. नंबर छापलेला, तोही मुंगीच्या अक्षरात. आणि गंमत बघा, ज्या बाईला तो वाचायचा तिला लेन्स घातल्याशिवाय तो दिसत नाही. प्रांजलीनं महिन्याभरात सगळ्या घरात लेन्स पेरल्या. फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी लेन्स, उशीखाली लेन्स, माझ्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीत लेन्स. एके सकाळी उजव्या शिल्लक आणि डाव्या संपलेल्या. ही दोन्हीकडं उजव्याच घालून निघाली, आणि जिना उतरताना पायरी चुकून माझ्या अंगावर आली.

मी काही कमी केलं नाही. ऑनलाइन खणांचा डबा मागवला, उजव्याला लाल चिठ्ठी, डाव्याला हिरवी. आठवडाभर सगळं शिस्तीत चाललं. मग एका रविवारी भारतनं त्याच डब्यात स्क्रू आणि वायसर भरून ठेवले. म्हणाला, “लई झकास डबाय, कुठून आणला?” मी कपाळाला हात लावला. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. पोरीला ओरडले तर ती म्हणाली, “मम्मी, चिल ना.” आमच्या घरात कामाचं माणूस एकच, आणि ऐकून घेणारं एकही नाही.

हा सगळा तमाशा आत्याबाई खाटेवर बसून बघत होत्या. शेवटी एके दिवशी उठल्या, घरभर फिरून एकेक लेन्स गोळा केली, फ्रिजमधलीसुद्धा, आणि ओच्यात घेऊन बसल्या. “आता ह्ये माझ्याकडं,” म्हणाल्या. “तुमच्यानं नाय व्हायचं. पोरीचा डोळा हाय, काय खेळ हाय का?” मी म्हटलं, बरं झालं, एक ओझं गेलं. आगीतून फुफाट्यात चाललोय हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

त्यांनी काय केलं ते ऐका. खोकी फाडून फेकली. लेन्सच्या वाट्यांच्या पट्ट्या एकमेकींपासून मोडून सुट्या केल्या. मग प्रांजलीकडून नंबर वाचून घेत उजव्या डोळ्याची प्रत्येक वाटी हातात धरून तिच्या प्लास्टिकच्या कडेचा कोपरा कात्रीनं कातरला. कात्री माझी, ब्लाउजचं कापड कापायची, जिला मी घरात कुणाला हात लावू देत नाही. मी किंचाळले, “आत्याबाई, आतलं पाणी सांडलं म्हणजे?” तर मान वर न करता म्हणाल्या, “खुणंला मेंढराचा कान कातरला तर मेंढरू सांडतंय का?” उजव्या कान कातरलेल्या, डाव्या अख्ख्या कानाच्या. आंधळ्यालासुद्धा बोटानं कळावं. खरं सांगते, त्यानंतर उजवी-डावी एकदाही चुकली नाही. पण माझ्या कात्रीची धार गेली ती गेलीच, त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

मग सुरू झाली रोजची पूजा. सकाळी आत्याबाई स्टीलच्या वाटीत एक कातरलेली आणि एक अख्खी अशी जोडी काढून चहाशेजारी ठेवायच्या. प्रांजली कॉलेजला जायची, तिथून क्रीडा संकुलात. संध्याकाळी आली की हातपाय धुवायच्या आधी आत्याबाई वाटी पुढं करायच्या. “आण.” मग हिनं डोळ्यांतून लेन्स काढून त्या वाटीत टाकायच्या. आत्याबाई वाटी उजेडात धरायच्या, बोटानं चाचपायच्या, ओठ हलवायच्या. “दोन गेल्या, दोन आल्या.” मग त्या स्वतः नेऊन कचऱ्यात टाकायच्या, आणि मगच पोरीला ताट.

मी हे डॉक्टरांना हसत हसत सांगितलं. वाटलं, ते तरी म्हणतील की आजी जरा अति करतात. तर ते खूश! म्हणाले, “उत्तम! म्हणजे लेन्स घालून झोपायचा प्रश्नच मिटला.” आत्याबाईंना काय, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. आता त्यांना डॉक्टरचंही बळ आलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी काही म्हणाले नसते. पण दिवसाला त्या एकच जोडी द्यायच्या. निशा मॅडमनी सांगितलं होतं की बॅगेत एखादी जादा जोडी ठेवत जा, खेळताना लेन्स पडू शकते. प्रांजलीनं मागितली, मी मागितली, भारतनंसुद्धा एकदा मागून पाहिली. आत्याबाईंचं उत्तर एकच, “जादाचं दिलं की मोजदाद बिघडती. दोन डोळ्यांला दोन. तिसरा डोळा हाय का तुला?” मी म्हटलं, “अहो पण एखादी पडली तर?” त्या म्हणाल्या, “पडती कशी? ध्यान ठिवायचं.” डबा त्यांच्या खाटेखाली, त्यावर त्यांची पिशवी, पिशवीवर त्यांचा पाय. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मोत्याला कोण समजावणार!

आणि मग एक दिवस पडलीच. पावसाळा संपत आला होता. प्रांजली संध्याकाळी आली, आत्याबाईंनी वाटी पुढं केली, हिनं एकच लेन्स टाकली. “एक कुठंय?” “आजी, पडली गं प्रॅक्टिसमधे.” “कुठं पडली?” “हॉलमधे. जाऊ दे ना, नाहीतरी आता फेकायचीच होती.” बरोबरच होतं तिचं. काडीइतकाही जीव नसलेली, तासाभरात कचऱ्यात जाणारी वस्तू. पण आत्याबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चल, दाखीव कुठं पडली ती.”

मी दारात आडवी उभी राहिले. समजावलं, रागावले, भारतला फोन लावला, त्यानं उचलला नाही. शेवटी पोरीला रिक्षानं त्यांच्यासोबत जावं लागलं, आणि दोघींना एकटं सोडवेना म्हणून मलाही. त्या हॉलमध्ये पोरं सराव करत होती. पांढऱ्या कपड्यांतली, जाळीच्या तोंडांची. त्यांच्या मधोमध माझी सासू, लुगडं सावरत, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी फरशी चाचपत पुढं पुढं सरकू लागली. पोरं खेळ थांबवून बघायला लागली. कुणीतरी हसलं. निशा मॅडम धावत आल्या, “आजी, उठा, ती नाही सापडायची.” आत्याबाई म्हणाल्या, “सापडती. थांबा तुमी.” प्रांजलीचं तोंड लाल झालं होतं. मी तर जमिनीत गडप व्हायची वाट बघत होते.

लेन्स काही सापडली नाही. घरी आलो. आत्याबाईंचे गुडघे टम्म सुजले, खाली बसता येईना, उठता येईना. मी तेल चोळलं, चोळता चोळता जे बोलायचं ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताट वाढलं तर म्हणाल्या, “नको.” का नको? तर त्यांचे वडील मुंजाबा, त्यांचा नियम होता. हरवलेलं सापडल्याबिगर राखणदारानं जेवायचं नाही. मी डोक्यावर पाणी ओतून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, “आत्याबाई, ते मेंढरू होतं. हे प्लास्टिक आहे!” त्या म्हणाल्या, “राखण ती राखण.” आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या. प्रांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनंही धड खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी भारतनं विनवण्या करून त्यांना दोन घास खायला लावले, आणि तेव्हापासून पुन्हा दोन गेल्या, दोन आल्या. एकही दिवस चुकला नाही. आत्याबाई मला ऐकवायच्या, “बघ, धाकात ठिवलं की कसं ध्यान राहतंय.” मीही मनात म्हटलं, असेल बाई. तेवढं चाचणीपर्यंत निभावून गेलं की झालं. दिवाळी आली, गेली. निशा मॅडम म्हणाल्या, पोरगी चांगली खेळतेय, फक्त मधेमधे डोळा चोळते. मी विचारलं तर म्हणाली, “घाम जातो गं मम्मी.”

चाचणी तोंडावर आली आणि एका सकाळी प्रांजली मोरीतून बाहेर आली ती उजव्या डोळ्यावर हात ठेवूनच. हात काढला. डोळा लालभडक, पापण्या चिकटलेल्या, उजेड सहन होईना.  आत्याबाई वाटी घेऊन तिथंच उभ्या होत्या. “रोजच्या रोज नवी दिली मी,” म्हणाल्या, “रोज मोजून परत घेतली.” ते खोटं नव्हतं, म्हणून माझा जास्तच संताप झाला.

डॉक्टरकडं तिघीही गेलो. आत्याबाईंना घरी थांबा म्हटलं तर त्या माझ्याआधी रिक्षात बसलेल्या. डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. मग सरळ प्रांजलीला विचारलं, “पाणी लागलं होतं का लेन्सला?” तिनं मान खाली घातली. “खाली पडलेली उचलून घातलीस?” ती नखानं खुर्चीची कड खरवडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जखम आहे. लेन्स आता लागलीच बंद. औषध घाल, जखम भरली की मग बघू. चाचणीचं विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. चष्मा घालून खेळायचं असेल तर खेळ, म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसलो आणि पोरीच्या धडक्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी विचारलं, “खरं सांग, काय केलंस?” ती आत्याबाईंकडं न बघता बोलली. “खेळताना लेन्स पडायची, मम्मी. रोज नाही, कधीकधी. मास्क ओढून काढला की उजवी निसटायची. मग मी उचलून बाटलीतल्या पाण्यानं धुवायची आणि परत घालायची.”

“अगं पण का? फेकून द्यायची! चष्मा होता ना बॅगेत!”

“घरी काय दाखवलं असतं मग?”

“कागदात गुंडाळून आणायचीस.”

“आणली होती एकदा तशी. वाळून तिचा चुरा झाला, वाटेत कुठं सांडला तेही कळलं नाही. मग संकुलातल्या एका पोरीनं टाकलेली उचलून आणून दाखवली.” तिनं नाक पुसलं. “त्यापेक्षा डोळ्यातच बरी राहते ना ती. डोळ्यात घालूनच घरी आणायची.”

माझा मग तोल गेला. दवाखाना आहे, लोक बसलेत, कशाचं भान राहिलं नाही. “ऐकलंत?” मी आत्याबाईंना म्हणाले. “एक जोडी जादा दिली असती तर काय बिघडलं असतं? फेकायच्या वस्तूची राखण करता! तुमच्या मेंढरांनी माझ्या पोरीचा डोळा खाल्ला. संघ गेला, वर्ष गेलं, आता ती पुन्हा त्या गटात खेळायची नाही. मोजा आता! बसा मोजत!” एक बाई लेकराला घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसली. 

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या प्रांजलीकडं वळल्या. आवाज एवढा बारीक की मलाच कान द्यावा लागला. “कशापायी केलं गं असं? मी मारलं असतं का तुला?”

“मारलं असतंस तर परवडलं असतं,” प्रांजली म्हणाली. “तू जेवत नाहीस ना मग. परत गुडघ्यावर बसून शोधायला आली असतीस. सगळे हसत होते आजी तुला.”

 आत्याबाईंचे ओठ हलत होते, पण त्या कधी नव्हे ते काहीच मोजत नव्हत्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी प्रांजलीचा हात आपल्या मांडीवर घेतला. “आगं येडे,” त्या म्हणाल्या, “हरवलं तर धुंडावं लागतंय. मेलं तर नाय. मेंढरू मेलं की पोरानं येऊन नुसतं सांगायचं, एक मेलं म्हणून. आमचा बाप एक सबूद बोलायचा नाय. म्हणायचा, बरं, जेव. मेलेलं कोण धुंडतंय?” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “तू मला हरवली म्हणालीस.”

“मी पडली म्हणाले होते.”

“माझ्याच्यानं तसंच ऐकलं गेलं,” आत्याबाई म्हणाल्या. मी बाहेर बघत बसले. मला राग आवरत नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

चाचणीला प्रांजली चष्मा लावून गेली. काड्यांना मागून नाडी बांधली होती. मी आणि भारत बघायला गेलो. काय सांगायचं, पहिल्याच लढतीत काच वाफेनं पांढरी झाली. ती दर थोड्या वेळानं हात वर करून थांबायची, मास्क काढायची, काच पुसायची, पंच घड्याळाकडं बघायचे. जिच्याकडून हरली त्या मुलीला ती वर्षभर हरवत आली होती. संघाची नावं वाचली त्यात हिचं नव्हतं. घरी आलो तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. कुणाला विचारलं नाही त्यांनी, आमच्या तोंडावरूनच त्यांना कळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी खाटेखालचा डबा ओढून काढला आणि प्रांजलीच्या पुस्तकांशेजारी ठेवला. “तुझं तू बघ आता,” म्हणाल्या. “मला नाय जमलं.”

मला वाटलं होतं, ही वेळ आली की मी सुटकेचा श्वास टाकीन. कसलं काय! आत्याबाईंनी मोजणंच सोडलं. चपला मोजेनात, भाकरी मोजेनात. भारत रात्रपाळीला गेला की आला ह्याचीही चौकशी करेनात. दिवस मावळला की भिंतीकडं तोंड करून पडायच्या. मी हाका मारून मारून थकायचे. आधी मोजतात म्हणून जीव जात होता, आता मोजत नाहीत म्हणून जाऊ लागला. एकदा मुद्दाम दोरीवरचा टॉवेल लपवला आणि म्हटलं, “आत्याबाई, टॉवेल दिसत नाही हो.” तर म्हणाल्या, “असंल कुठंतरी.” मी तिथंच दोरीखाली उभी राहिले आणि मला रडू आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी लेन्सला पुन्हा परवानगी दिली. प्रांजली आता मोठ्या मुलींच्या गटात खेळायला लागली, खालून पहिल्यापासून. लेन्सचा सावळा गोंधळ पुन्हा सुरू झाला. फ्रिजमध्ये लेन्स, उशीखाली लेन्स. मी ओरडते, ती “चिल ना” म्हणते, आणि भारत विचारतो की तो खणांचा डबा कुठं गेला. आत्याबाई ऐकतात आणि कूस बदलतात.

परवा संध्याकाळी प्रांजली संकुलातून आली. मी भाकऱ्या थापत होते. तिनं बॅग टाकली, पाय धुतले आणि सरळ आत्याबाईंच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. हात रिकामेच होते. “आजी,” ती म्हणाली, “दोन नेल्या होत्या. एक मेली.”

माझा हात परातीतच थांबला. आत्याबाई वळल्या. पोरीच्या दोन्ही डोळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, एकदा उजव्या, एकदा डाव्या, पांढरे स्वच्छ होते दोन्ही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “जेव.”

आणि भिंतीला धरून सावकाश उठल्या, फडताळातून दोन ताटं काढली, आणि एकात भाकरी घेऊन स्वतः तिच्याशेजारी बसल्या.